पंपाखालची ठोकळी

आबांनी पंपाच्या नळीवर जिभेचं टोक टेकवलं आणि खालची दांडी दोन-तीनदा दाबली. कोल्हापूरच्या भर बाजारात, गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात पन्नाशीचा माणूस लोखंडी वस्तू चाटताना कसा दिसतो, ते मी सांगायला नको. मी दुकानाच्या पाटीकडं बघत उभी राहिले.

"आवो गुरव, नवाकोरा पंप हाय," दुकानदार मुल्लाणी म्हणाले. "कागद फोडला न्हाई आजून. त्याला काय चाटून बघताय?"

"नवा हाय म्हणूनच बघतोय." आबांनी जीभ पुसली. "वासरू सडाला वढतं तसं वढलं पाहिजे ह्यानं. तुमचा हा नुसता मुका घेतोय."

दुकानातली माणसं हसली. आबा हसले नाहीत. पंपाच्या बाबतीत ते कधीच हसत नसत.

एशियाड झालं त्या सुमाराची ही गोष्ट. आमच्याकडं डुक्कर फियाट होती. तोंड पुढं काढलेली, पाठ गोल, म्हणून तिला सगळे तसंच म्हणत. आजोबांनी कोल्हापूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या लिलावात ती घेतली होती. तिचा पेट्रोलचा पंप फाटला होता. पंप म्हणजे काय, तर मागच्या टाकीतलं पेट्रोल पुढं ओढून आणणारी मुठीएवढी वस्तू. आत एक रबरी पडदा असतो. इंजिन फिरलं की आतला दांडा पंपाच्या जिभेला ढोसतो, पडदा खालीवर होतो आणि पेट्रोल पुढं जातं. पडदा फाटला की संपलं.

मुल्लाणींनी दुसरा पंप काढला. हा जुना, मुंबईच्या कुठल्याशा टॅक्सीतून उतरवलेला, काळाकुट्ट. आणि तिसरा ठेवला, तो चकचकीत इलेक्ट्रिकचा. "ह्योच घ्या म्हणतो मी. दोन वायरी जोडल्या की झालं. ना पडदा, ना दांडा. तुमच्या तात्यांनी न्हाई का बसवलाय? टकटकटक, घड्याळागत."

मुल्लाणींनी नको तिथं बोट ठेवलं होतं. तात्या म्हणजे आबांचे थोरले भाऊ. बारा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

"इंजिनानं स्वतःचं पाणी स्वतः वढावं," आबा म्हणाले. "वायरीवर जगतंय ते कसलं इंजिन?"

"तुमची मर्जी. परवाच आल्ते तात्या, शेजारच्या लेथवर. कायतरी तळहाताएवढं घासून सपाट करून घिऊन गेले. मी म्हटलं, चा घ्या, तर थांबले न्हाईत."

आबांनी काळा पंप उचलला होता. त्यांचा हात क्षणभर तसाच राहिला. "माले, विचार," ते मला म्हणाले, "काय घासलं म्हणावं."

मुल्लाणी समोर दोन फुटांवर उभे होते. आबांची सवयच तशी पडली होती. तात्यांचा विषय निघाला की ते जगाशीसुद्धा माझ्यामार्फत बोलत.

"काळं काय तरी हुतं," मुल्लाणींनी थेट आबांनाच सांगितलं. "ठोकळीगत."

आबांनी पुढं काही विचारलं नाही. काळ्या पंपाच्या नळीला जीभ लावली आणि दांडी दाबली. जीभ सोडवताना 'टप्' असा आवाज झाला. "ह्यो द्या," ते म्हणाले. एसटीत सगळी वाट तो पंप मांडीवर घेऊन ते खिडकीबाहेर बघत बसले होते. मला वाटलं, जीभ दुखत असेल.

आता भांडण सांगितलं पाहिजे. आम्ही गुरव. गावच्या भैरोबाची पूजा आमच्या घरात, पाळीनं. महिनाभर तात्यांची पाळी, महिनाभर आबांची. पाळी ज्याची त्यानं देवळातला नंदादीप जपायचा. तो विझला की पाळी मोडली, आणि ज्याची पाळी मोडली त्याची गावात मान खाली. एकदा आबांच्या पाळीत माझ्या आईला विंचू चावला. आईला याच गाडीत घालून आबा तालुक्याला पळाले आणि इकडं दिव्यातलं तेल संपलं. परत आले तेव्हा सभामंडपात माणसं जमली होती. तात्या सगळ्यांच्या देखत म्हणाले, "श्रीपती, पाळी मोडली." आई कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

आबांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून कुठलंच उत्तर दिलं नाही.

मग वाटणी झाली. पंच बसले. अंगणाच्या मधोमध भिंत आली, डोक्याला लागेल एवढी. भांडी, बैल, माळ्यावरची शिडी, सगळं वाटलं. गाडीच्या हत्यारांची पेटी उघडली तेव्हा पंचही वैतागले होते. दोन तोंडांचे पाने ओळीत मांडले आणि एकाआड एक वाटून टाकले. दहा-अकराचा तात्यांना, बारा-तेराचा आबांना, चौदा-पंधराचा तात्यांना. जॅक तिकडं गेला आणि जॅकचा दांडा आमच्याकडं आला. राहिली गाडी. ती काही कापता येईना. तेव्हा कुणीतरी म्हणालं, देवाला पाळी चालते तर गाडीला का चालू नये? ठरलं. पाडवा ते पाडवा एकाकडं, पुढचा पाडवा ते पाडवा दुसऱ्याकडं.

तात्यांनी एक अट घातली. "गाडी सवताच्या चाकानं दारात आली पाहिजे. ढकलत आली तर पाळी मोडली. मग इकून टाकायची."

तेव्हापासून दर पाडव्याला हा सोहळा. देणाऱ्यानं गाडी चालवायची, घेणाऱ्यानं शेजारी बसून ती ठीक आहे का बघायचं आणि मागं एक साक्षीदार. साक्षीदार मी, कारण तात्यांचा उत्तम आधी शिकायला आणि मग नोकरीला पुण्यात. खरं तर तात्यांचं दार म्हणजे भिंतीची पलीकडची बाजू. पण त्यांचा दरवाजा मागच्या गल्लीत उघडायचा. त्यामुळं भिंतीच्या या बाजूची गाडी त्या बाजूला न्यायला अख्ख्या गावाला वळसा पडे, ओढ्यावरून, देवळाच्या चढानं. वर्षातून तेवढाच वेळ दोघं भाऊ एकमेकांच्या शेजारी बसत. आबा एरवी गाडी पळवायचे. त्या दिवशी दुसऱ्या गिअरच्या पुढं जात नसत. तात्यांच्या पाळीतही तसंच. मी मागं बसून दोघांच्या माना बघत असे. बोलणं माझ्यामार्फत. "माले, ब्रेक जरा सैल हाय म्हणून सांग." "माले, सांग, म्हाईत हाय."

म्हणून मला ती गाडी हवी होती. मिरवायला नव्हे. ती गेली असती तर त्या दोन माना पुन्हा कधी शेजारी दिसल्या नसत्या. आणि त्या वर्षी हायवेवरचा हॉटेलवाला शिंत्रे टपून बसला होता. त्याला आपल्या हॉटेलसमोर फुलांच्या कुंड्यांमध्ये ती फियाट शोभेला उभी करायची होती. पाडव्याला तात्यांच्या दारात येऊन बसतो, असा त्याचा निरोप गावभर झाला होता.

पाडवा जवळ आलेला आणि आमचा पंप फाटलेला. त्यात आणखी एक भानगड. पंप आणि इंजिन यांच्या मध्ये काळ्या फायबरची एक ठोकळी असते. इंजिनाची धग पंपाला लागू नये आणि पंपाची जीभ बरोब्बर जागेवर पोचावी, म्हणून. तात्या आपल्या पाळीत आमचा पंप उतरवून ठेवत, भोकावर पत्रा मारत आणि आपला टकटक्या बसवत. पाळी संपली की आमचा पंप परत. मागच्या पाडव्याला पंप परत आला, ठोकळी आली नाही.

"ऱ्हायली आसंल," आई म्हणाली होती. "मागून घ्या."

"मागायचं न्हाई," आबा म्हणाले होते. आणि सागवानाच्या फळीचा तुकडा तासून त्यांनी त्या जागी बसवला होता. वर्षभर गाडी त्यावरच कुरकुरत चालली.

कोल्हापूरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंप बसवायला घेतला. आम्ही म्हणजे आबा आणि मी. मी तेव्हा गावातल्या बालवाडीत शिकवत होते, पण शाळा सुटल्यावर माझे हात तेलातच असायचे. लाकडाची ठोकळी एका बाजूला उतरती झाली होती, म्हणून आबांनी जाड पुठ्ठ्याची दोन पॅकिंगं कापली. पुठ्ठा पंपाच्या तोंडावर धरून कडेनं हातोडीनं हळूहळू ठोकत गेलं की बरोब्बर आकार पडतो. ते काम मला फार आवडे.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"गळती नको."

पंपाचे नट तेराचे. पाना आमच्याकडचा. पण पेट्रोलच्या नळीचा पितळी नट चौदाचा, आणि तो पाना भिंतीपलीकडं. दर वेळी आबा तिथं पक्कड लावत. नटाचे कोपरे खाऊन खाऊन तो गोल व्हायला आला होता. आबांनी पक्कड लावली. पक्कड घसरली आणि आबांचं बोट सोललं.

भिंतीपलीकडून तात्यांचा आवाज आला. ते म्हैस धूत होते.

"काय गं चंद्रे," ते म्हशीला म्हणाले, चांगलं मोठ्यानं, "पितळंच्या नटाला पक्कड लावणाऱ्याला काय म्हणावं? आँ? शेण म्हणावं का माणूस?"

आबांनी सोललेलं बोट तोंडात घातलं. मला हसू आवरेना.

"मी काकीकडं पाना मागून आणतो," मी म्हणाले. आमच्याकडं पोरीही असंच बोलतात.

"मागायचं न्हाई म्हटलं न्हवं?"

मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेले. परत आले तर भिंतीवर चौदा-पंधराचा पाना. आबा दुसरीकडं बघत होते.

"आबा, पाना कुणी ठेवला?"

"म्हशीनं आसंल," आबा म्हणाले आणि नळी जोडायला वाकले.

गाडी चालू झाली. उभ्या जागी छान घुमली. मी टाळ्या वाजवल्या. पण फिरवून आणायला गेलो तर देवळाच्या चढाला अर्ध्यावर तिचा जीव गेला. आचके दिले आणि थांबली. उताराला सोडली की पुन्हा चालू, चढ आला की पुन्हा बंद. चार माणसं लावून घरी आणली. आईनं कपाळाला हात लावला. शिंत्रेला निरोप पोचायला वेळ लागला नसेल, असलं गाव आमचं.

संध्याकाळी वैरण टाकताना भिंतीपलीकडं पुन्हा प्रवचन. "चंद्रे, सपाटीला चालतंय आणि चढाला मरतंय म्हंजी काय? पेट्रोल पुरंना. आता पंप चांगला आसून पेट्रोल का पुरंना? तर जीभ पोचंना. का पोचंना? खाली माप सोडून जाड भरलंय. येकाच्या जागी दोन पुठ्ठं घातलं की जीभ पोचंल का, सांग तूच!"

चंद्रीनं काय सांगितलं कुणास ठाऊक. आबा मला हळूच म्हणाले, "माले, येक काढ."

मी पंप उतरवला, एक पुठ्ठा काढला आणि तुळशीजवळच्या कोनाड्यात ठेवला. पंप पुन्हा बसवला आणि चौदाचा पाना होता तसा भिंतीवर ठेवून दिला. त्यानंतर गाडी देवळाचा चढ असा चढली की वरच्या पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. मी चढावरूनच ओरडले. आबांनी मात्र गाडी वर थांबवली आणि बराच वेळ ओढ्याकडं बघत बसले. मी म्हटलं, "झालं न्हवं आबा आता? पाडव्याला काय अडत न्हाई." ते म्हणाले, "व्हय, आता काय अडत न्हाई." आणि त्यांचा चेहरा पडलेलाच. चांगल्या चालत्या गाडीत बसून हा माणूस असा का बघतोय, मला समजेना.

पाडव्याला सकाळीच ऊन तापलं होतं. दारात गुढी उभी राहिली. मी गाडीला झेंडूची माळ घातली, आरशाला साखरेची गाठी अडकवली. आबांनी नवा पांढरा सदरा घातला होता. तात्या आले. डोक्याला टोपी, अंगात कोट, खांद्यावर पंचा. आईनं त्यांना पाणी दिलं, त्यांनी घेतलं. तेवढं चाले. मग ते डाव्या बाजूला बसले, आबा स्टिअरिंगवर, मी मागं.

"माले, सांग, चांगली चालू झाली म्हणावं," तात्या म्हणाले.

"आबा, चांगली चालू झाली म्हणतात."

"सांग, ऐकलं."

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढ्यापर्यंत गेली. ओढ्याला थोडं पाणी होतं. पुढं करंजाच्या झाडाखालून चढ सुरू होतो. तिथून ना आमचं घर दिसतं, ना देवळाचा पार. आणि त्या चढाला गाडीनं आचका दिला. दुसरा दिला. आणि मेली.

आबांनी हँडब्रेक ओढला. साखरेची गाठी आरशाला हलत होती, ती थांबली.

परवा चढलेली गाडी आज कशी थांबली? पलीकडं तात्यांच्या दारात शिंत्रे नोटांची पिशवी मांडीवर घेऊन बसला असणार. आता तात्यांनी दोन शब्द उच्चारायचे की सगळं संपलं. बारा वर्षांपूर्वी उच्चारले होते तेच दोन. मी त्यांच्या मानेकडं बघत होते. मान हलली. त्यांनी तोंड उघडलं.

"माले," ते म्हणाले, "इंजिनाचं टोपण उघडाय सांग."

तात्या खाली उतरले. खांद्यावरचा पंचा ओढ्यात बुचकळून आणला आणि पंपावर ठेवला. "उन्हानं पेट्रोलची वाफ झाली आसंल. सांग त्याला, मार म्हणावं आता." आबांनी चावी फिरवली. चालू झाली, दोन श्वास घेतले आणि पुन्हा गेली.

तात्यांनी पंचा काढला. मग कोटाच्या खिशात हात घातला आणि चौदा-पंधराचा पाना काढला. दुसऱ्या खिशातून रुमालाची गाठ काढली. ती सोडली तर आत काळी ठोकळी. दोन्ही बाजूंनी घासलेली, कडा साफ, नव्यासारखी.

"डब्यात ऱ्हायली हुती," ते करंजाच्या झाडाला म्हणाले. "कुणी मागितली न्हाई."

आबा उतरले. त्यांनी नव्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातून बारा-तेराचा पाना काढला. सणाच्या दिवशी सदऱ्यात पाना घालून कोण बाहेर पडतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. माझं लक्ष ठोकळीकडं होतं.

पंप उतरवला. त्याच्याखालून लाकडाची ठोकळी निघाली आणि तिला चिकटलेला पुठ्ठा. तात्यांनी तो नखानं उकलला. एकाचे दोन झाले. मी बघतच राहिले. एक तर मी माझ्या हातानं काढून कोनाड्यात ठेवला होता.

तात्यांनी दोन पुठ्ठे दोन हातांत धरले. आबांकडं बघितलं. आबा पान्यावरचं तेल पुसत होते, पुन्हा पुन्हा.

"दोन?" तात्या म्हणाले.

"गळती नको म्हणून," आबा खाली बघत म्हणाले.

तात्यांनी दोन्ही पुठ्ठे उन्हाकडं धरून बघितले. मग एक पुठ्ठा त्यांनी आपल्या खिशात घातला. "व्हय," ते म्हणाले. "गळती नको."

पंप बसवणं एका माणसाचं काम नाही. आतली स्प्रिंग पंपाला बाहेर ढकलत असते. एकानं दोन्ही हातांनी पंप इंजिनाशी दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं नट लावायचा. तात्यांनी दाबला. आबांनी नट घेतला.

"माले, सांग त्याला, आधी खालचा धर म्हणावं."

"आबा, आधी खालचा..."

"सांग, खालचाच धरलाय."

"माले, सांग, तिरका जातोय..."

"आबा, ते म्हणतात..."

एवढ्यात तात्यांचा हात तेलानं घसरला. पंप सुटायला आला, ठोकळी निसटायला लागली.

"आरं आवळ की श्रीपा!" तात्या ओरडले. "बघत काय बसलास!"

"आवळतोय न्हवं दादा! तू हालवू नगंस!"

आणि दोघंही थांबले. माझं तोंड उघडंच होतं, निरोप द्यायला. द्यायला निरोपच उरला नव्हता. मला रडू फुटलं. मी तोंड फिरवलं आणि ओढ्याकडं बघत हुंदके देत राहिले. मागं दोघं जण एकमेकांवर खेकसत होते. "हितं धर." "धरलंय." "आता सोड." "आजून येक पेच ऱ्हायलाय, सोडतोस काय लगेच!" इतकं गोड भांडण मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

गाडी एका चावीत सुरू झाली आणि चढ चढली.

तात्यांच्या दारात पंच होते आणि खुर्चीवर शिंत्रे. त्यानं घड्याळ बघितलं, मग तात्यांचे काळे हात बघितले. "उशीर झाला तात्या. वाटंत बंद पडली वाटतं?"

सगळे तात्यांच्या तोंडाकडं बघू लागले. तात्या भैरोबाचे पुजारी. खोटं बोलायचे नाहीत, तीच त्यांची मिजास होती. दिवा विझला तेव्हाही ते खरंच बोलले होते.

"बंद कशाला पडंल?" तात्या म्हणाले. "देवळात नारळ वाढवाय थांबलो हुतो. तुम्ही पोळी खाऊन जावा, शिंत्रे. उनाचं आलाय."

शिंत्रे पोळी खाऊन गेला. टकटक्या पंप त्या वर्षी पेटीतून निघालाच नाही. पाने मात्र त्या गडबडीत बदलले. आमचा बारा-तेराचा तात्यांच्या खिशात गेला आणि त्यांचा चौदा-पंधराचा आमच्याकडं आला. कुणी परत मागितला नाही. पण दोन दिवसांनी भिंतीपलीकडून हाक आली, "श्रीपा, चौदाचा पाना दे रं जरा." या वेळी म्हशीचं नाव नव्हतं.

भिंत पाडली वगैरे काही नाही. भिंत आहे. तिच्यावर हत्यारं ठेवायची सोय झाली, इतकंच. आता ना तात्या आहेत, ना आबा. पाडव्याला उत्तम पुण्याहून येतो, मी सासरहून जाते आणि आम्ही गावाला वळसा घालून गाडी त्या दारातून या दारात आणतो. पंप तोच आहे, काळा. पडदा दोनदा बदलला. ठोकळी तीच.

त्या पाडव्याच्या संध्याकाळी मी तुळशीजवळचा कोनाडा बघितला होता. रिकामा. आबांना विचारलं तर म्हणाले, "गप." उत्तर मिळालं ते बऱ्याच वर्षांनी. तात्यांचं तेरावं झाल्यावर आबा भिंतीपलीकडच्या अंगणात गाडीत जाऊन बसले होते, डाव्या बाजूला, तात्यांच्या जागी. मी स्टिअरिंगवर जाऊन बसले.

"आबा, तो पुठ्ठा तुम्हीच घातला न्हवं परत?"

त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली. मग म्हणाले, "मुल्लाणी म्हणला न्हवं, दादा ठोकळी घासून घिऊन गेला म्हणून. ह्याच्या इलेक्ट्रिकला ठोकळी लागती कशाला? माझ्यासाठीच घासली. पर देणार कशी? भिंतीवर ठिवली तर म्हशीचं नाव हुणार. दारात येऊन दिली तर हा वाकला म्हणणार लोकं. गाडी चांगली चालली आसती तर ती ठोकळी तशीच खिशात ऱ्हायली आसती, अजून येक वरीस. मग म्हटलं, आपणच बंद पडावं."

"आणि तात्या म्हणाले असते, पाळी मोडली? शिंत्रे बसला होता दारात. गाडी गेली असती की."

आबांनी समोरच्या काचेवरची धूळ तळव्यानं पुसली.

"पुन्हा तसं म्हणला आसता," ते म्हणाले, "तर गाडी ठिवून तरी काय करायचं हुतं मला?"